देवदाराच्या लाकडाला वास का येतो?

‘देवदार’ हे नाव मराठी घराला परकं नाही. बाळंतिणीसाठी जो देवदार्व्यादि काढा आणतात, त्याच्या नावातच देवदार आहे. काष्ठौषधींच्या दुकानात ‘तेल्या देवदार’ मागितला, तर पिवळसर तपकिरी लाकडाचे, हाताला किंचित तेलकट लागणारे तुकडे मिळतात. दुसरीकडे, यंत्रं किंवा काचसामान हलक्या फळ्यांच्या ज्या खोक्यांतून येतं त्यांना आपण सर्रास ‘देवदारी खोकी’ म्हणतो. पण ते लाकूड बहुतेक वेळा पाइन किंवा फर या वृक्षांचं असतं. मराठी बायबलात लबानोनचा ‘गंधसरू’ पुन्हा पुन्हा भेटतो. तो मात्र सरूच्या कुळातला नसून देवदाराचा सख्खा भाऊ आहे. आणि जुन्या, चांगल्या पेन्सिलीला टोक काढताना जो गोडसर वास येई, तो ‘सीडर’चा असं इंग्रजी पुस्तकं सांगतात. ते झाड देवदाराच्या कुळातलंसुद्धा नाही!

एकाच वासामुळे आपण कुठल्या कुठल्या झाडांची नाती जोडून टाकली आहेत, हे पाहण्यासारखं आहे. पण त्याहून महत्त्वाचे प्रश्न पुढचे आहेत. लाकडाला मुळात वास का असावा? झाडाला त्याचा उपयोग काय? आणि ज्या गुणामुळे हे झाड जंगलात शतकानुशतकं टिकलं, त्याच गुणामुळे त्याच्यावर कुऱ्हाड का आली? या लेखात आपण हे प्रश्न एकेक करून सोडवू.

नाव दिलं नाकानं

इंग्रजी ‘सीडर’ हा शब्द ग्रीक ‘केद्रोस’ आणि लॅटिन ‘सेड्रस’ यांवरून आला. ग्रीक आणि रोमन लेखक हा शब्द एकाच झाडासाठी वापरत नसत. लेबाननच्या डोंगरावरचा प्रचंड वृक्ष आणि जुनिपर नावाचं लहानखुरं झाड, दोन्हींना ते याच नावानं ओळखत. दोन्हींचं लाकूड वासाचं आणि टिकाऊ, एवढं साम्य त्यांना पुरेसं वाटलं.

पुढे युरोपीय लोक जगभर पसरले तेव्हा त्यांनी हीच रीत चालवली. जिथं तांबूस, सुवासिक, सहज न कुजणारं लाकूड दिसलं तिथं त्याला ‘सीडर’ म्हटलं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं ‘रेड सीडर’ हे एक जुनिपर आहे. पश्चिम किनाऱ्यावरचं ‘वेस्टर्न रेड सीडर’ ही थुजा वृक्षाची एक जात. आपल्या बागेतली मोरपंखी याच कुळातली. सिगारच्या पेट्या ज्या ‘स्पॅनिश सीडर’च्या करतात, तो तर रुंद पानांचा वृक्ष आहे आणि कडुनिंबाच्या कुळातला आहे. आपल्याकडचा तून त्याचाच जवळचा नातेवाईक.

आपणही काही वेगळं केलेलं नाही. शाळेच्या कुंपणाला लावलेल्या ज्या उंच, सरळसोट झाडाला आपण ‘अशोक’ म्हणतो (खरा सीतेचा अशोक वेगळा), त्याला बंगालमध्ये ‘देबदारु’ म्हणतात. तिथं तर वासाचाही संबंध नाही; उंच, देखणं झाड म्हणून ‘देवाचं लाकूड’ हे नाव त्याला मिळालं असावं.

लोकांनी दिलेली नावं उपयोगावरून, रंगावरून, वासावरून पडतात. त्यात चूक काही नाही. सुताराच्या दृष्टीनं ते वर्गीकरण उपयोगीच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र फुलं, शंकू आणि बिया यांच्या रचनेवरून नाती ठरवतात आणि अलीकडे त्यांची खातरजमा डीएनएवरून करतात. त्या हिशेबानं देवदार हा चीड-पाइनच्या कुळातला, तर जुनिपर, थुजा आणि सरू हे वेगळ्या कुळातले. ही दोन घराणी वीस कोटी वर्षांहूनही आधी विभक्त झाली.

खरे देवदार

‘सेड्रस’ या प्रजातीत साधारणपणे चार जाती मानतात. पहिली आपली ‘सेड्रस देवदारा’. अफगाणिस्तानपासून पाकिस्तान, काश्मीर, हिमाचल आणि गढवालपर्यंत, म्हणजे पश्चिम हिमालयात, साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीच्या पट्ट्यात ती वाढते. तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द संस्कृत ‘देवदारु’वरूनच घेतला आहे. दुसरी ‘सेड्रस लिबानी’, लेबानन, सीरिया आणि तुर्कस्तानच्या तोरोस पर्वतात. तिसरी सायप्रस बेटावर, आणि चौथी मोरोक्को-अल्जीरियातल्या ॲटलास पर्वतात. काही शास्त्रज्ञ या जातींची मांडणी थोडी वेगळी करतात, पण चारही एकमेकांच्या अगदी जवळच्या आहेत, यावर दुमत नाही.

सहलीला हिमाचल किंवा उत्तराखंडात जाणाऱ्या शिक्षकांसाठी ओळखीच्या दोन खुणा सांगतो. चिडाच्या लांब सुयांसारख्या पानांचे तीन-तीनचे जुडगे असतात. देवदाराची पानं आखूड, आणि आखूड फांद्यांवर वीस-तीसच्या झुबक्यात, छोट्या ब्रशासारखी फुटलेली असतात. दुसरी खूण शंकूची. चिडाचे शंकू झाडाखाली आख्खे पडलेले सापडतात. देवदाराचा शंकू पिंपाच्या आकाराचा असतो, फांदीवर ताठ उभा राहतो आणि पिकला की झाडावरच त्याचे खवले सुटे होऊन गळतात. म्हणून झाडाखाली आख्खा शंकू शोधायला गेलात तर सहसा सापडणार नाही. याचे परागकण शरद ऋतूत उडतात आणि शंकू पिकायला त्यानंतर सुमारे वर्ष लागतं.

जिवंत लाकूड आणि मेलेलं लाकूड

आता वासाकडे येऊ. देवदाराचा ताजा कापलेला ओंडका पाहिला तर त्यात दोन भाग स्पष्ट दिसतात. सालीलगतचा पांढुरका पट्टा आणि आतला पिवळसर तपकिरी गाभा. बाहेरच्या पट्ट्याला रसकाष्ठ म्हणतात आणि गाभ्याला मध्यकाष्ठ. वास मुख्यतः मध्यकाष्ठाला असतो.

मुळांनी शोषलेलं पाणी पानांपर्यंत पोचवण्याचं काम रसकाष्ठ करतं. पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांसारख्या पेशी प्रौढ झाल्या की मरतात. त्यांच्या पोकळ भिंतीच काय त्या कामाला येतात. पण त्यांच्यामध्ये काही जिवंत पेशीही विखुरलेल्या असतात. त्या स्टार्च साठवतात आणि इजा झाल्यास दुरुस्तीला धावतात. झाड दरवर्षी बाहेरच्या बाजूला नवं लाकूड जोडत जातं. त्यामुळे आतली जुनी वलयं हळूहळू पाणी वाहण्याच्या कामातून मोकळी होतात. या सीमेवर एक विलक्षण गोष्ट घडते. तिथल्या जिवंत पेशी मरण्यापूर्वी आपल्याजवळचा साठा मोडून त्यापासून नवी रसायनं तयार करतात आणि ती आसपासच्या लाकडात मुरतात. मग त्या पेशी मरतात. मध्यकाष्ठ तयार होतं ते असं.

म्हणजे मध्यकाष्ठ हे संपूर्णपणे मेलेलं लाकूड. त्यात दुरुस्ती करायला कोणी नाही. पण झाडाचं वजन तेच पेलतं. चाळीस-पन्नास मीटर उंचीचा वृक्ष बर्फाचा भार आणि वारा सोसत पाच-सहाशे वर्षं उभा राहायचा असेल, तर हा मेलेला गाभा कुजून चालणार नाही. जिवंत असताना पेशी स्वतःचं रक्षण करू शकतात, मेल्यावर नाही. म्हणून त्या मरतानाच रक्षणाची तजवीज करून ठेवतात. आपल्याला जो वास येतो, तो या तजविजीचा एक भाग.

हे फक्त देवदारातच घडतं असं नाही. सागाचा गाभा वाळवी खात नाही, पण बाहेरचं पांढरं लाकूड खाते, हे कोणताही सुतार सांगेल. सागाच्या मध्यकाष्ठात टेक्टोक्विनोन नावाचं रसायन असतं, ते वाळवीला सहन होत नाही. तत्त्व तेच, रसायन वेगळं.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाइनच्या लाकडात डिंकासारख्या राळेच्या नलिका कायमच्या असतात. देवदाराच्या लाकडात एरवी अशा नलिका नसतात. झाडाला जखम झाली, तरच जखमेच्या आसपासच्या नव्या लाकडात त्या तयार होतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात एका देवदाराची हकिगत आहे. रानहत्तीनं अंग घासल्यामुळे त्याची साल निघाली आणि पार्वतीला पोटच्या मुलाला लागावं तसं दुःख झालं. त्या झाडाचा ओंडका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता आला असता, तर त्या वर्षाच्या वलयात राळेच्या नलिकांची रांग दिसली असती! पण मध्यकाष्ठाचा वास या नलिकांवर अवलंबून नाही. ते तेल साऱ्या गाभ्यात पसरलेलं असतं.

पंधरा कार्बनचं कुटुंब

लाकडाचा भुसा पाण्याच्या वाफेत ऊर्ध्वपातित केला की तेल वेगळं निघतं. या तेलातले बहुतेक रेणू ‘सेस्क्विटर्पीन’ या गटातले असतात. नाव अवघड आहे, हिशेब सोपा आहे. वनस्पती पाच कार्बन अणूंचे छोटे घटक बनवतात. असे दोन घटक जोडले की दहा कार्बनचे मोनोटर्पीन होतात. टर्पेंटाइनमधलं पायनीन हे त्यातलं एक. तीन घटक जोडले की पंधरा कार्बनचे सेस्क्विटर्पीन होतात.

देवदाराच्या तेलातल्या मुख्य रेणूंना ‘हिमाचलीन’ असं नाव आहे. त्यात १५ कार्बन आणि २४ हायड्रोजन अणू असतात. रेणुभार काढून पाहा: १५ × १२ + २४ = २०४. पायनीनमध्ये १० कार्बन आणि १६ हायड्रोजन, म्हणून रेणुभार १३६. या दोन आकड्यांवरून एक रोजचा अनुभव उलगडतो. पाइनची ताजी फळी रंधताना घमघमते, पण काही दिवसांत तो वास बराच ओसरतो. देवदाराची पेटी मात्र वर्षानुवर्षं दरवळते. पायनीन सुमारे १५५ अंश सेल्सिअसला उकळतं, तर या पंधरा कार्बनच्या रेणूंना साधारणपणे २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. जड रेणू सावकाश उडतात, म्हणून वास टिकतो. अत्तरं करणारे सीडरचं तेल वापरतात ते याचसाठी. हलके सुगंध उडून गेल्यावर मागं राहणारा आधार ते देतं.

‘हिमाचलीन’च्या नावात हिमालय आहे, पण त्याची रचना उलगडली ती आपल्या पुण्यात. १९६० च्या दशकात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव आणि त्यांचे सहकारी भारतीय वनस्पतींतल्या टर्पीनांचा अभ्यास करत होते. देवदाराच्या तेलातल्या हिमाचलीनांची, आणि त्यांच्याच जातीच्या हिमाचलॉल या अल्कोहोलाची रचना त्यांनी निश्चित केली. सहा कार्बनचं एक कडं आणि त्याला जोडून सात कार्बनचं दुसरं, असा त्यांचा सांगाडा आहे.

अमेरिकेतल्या जुनिपरचं, म्हणजे पेन्सिलीच्या ‘सीडर’चं तेल तपासलं तर त्यात हिमाचलीन मुख्य नसतं. तिथं सेड्रीन आणि सेड्रॉल हे रेणू भेटतात. सेड्रीनमध्येही १५ कार्बन आणि २४ हायड्रोजनच, पण सांगाडा अगदी निराळा, तीन कड्यांचा. सूत्र एक, रचना वेगळी. समघटक शिकवताना हे उदाहरण वापरण्याजोगं आहे. लेबानन आणि ॲटलास इथल्या खऱ्या देवदारांत मात्र पुन्हा हिमाचलीनच मिळतं. म्हणजे जे नातं नाकाला ओळखता आलं नाही, ते गॅस क्रोमॅटोग्राफीला ओळखता येतं.

मग दोन वेगळ्या कुळांतल्या झाडांचा वास इतका जवळचा कसा? कारण सुरुवातीचा कच्चा माल एकच आहे. फार्नेसिल पायरोफॉस्फेट नावाची पंधरा कार्बनची लवचीक साखळी जवळजवळ सर्व वनस्पतींत असते. प्रत्येक जातीतली विकरं, म्हणजे एन्झाइमं, ही साखळी आपापल्या पद्धतीनं दुमडून तिची कडी बनवतात. चंदनातलं सँटालॉल, आल्यातलं झिंजिबेरीन, लवंगेतलं कॅरिओफायलीन आणि वाळ्याच्या मुळांतलं खुसिमॉल हे सगळे याच साखळीचे वंशज. एकाच धाग्याच्या वेगवेगळ्या गाठी म्हणा ना.

जाता जाता जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशेजारी पूर्वी ‘सीडारवुड ऑइल’ची छोटी बाटली असे. शंभर पट वर्धनाचं भिंग वापरताना काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये त्याचा थेंब टाकत. हे तेल दाट करून त्याचा अपवर्तनांक १.५१५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ काचेइतका करत असत. त्यामुळे प्रकाशकिरण काचेतून बाहेर पडताना वळून वाया जात नसत. पुढे कृत्रिम तेलं आली, कारण हे तेल भिंगावर वाळून घट्ट होई. ते तेलही त्या जुनिपरचंच होतं, देवदाराचं नव्हे.

वास कोणासाठी?

लाकडाचे मोठे शत्रू तीन: बुरशी, वाळवी आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या अळ्या. बुरशी आपली विकरं लाकडात सोडून त्यातलं सेल्युलोज आणि लिग्निन विरघळवते. मध्यकाष्ठातल्या तेलांमुळे आणि त्यांच्याबरोबरच्या इतर संयुगांमुळे काही बुरशींची वाढ मंदावते, काही कीटक दूर राहतात, आणि लाकडात पाणीही सहज मुरत नाही.

हा परिणाम मोजता येतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत वेगवेगळ्या लाकडांच्या खुंट्या अर्ध्या जमिनीत पुरून ठेवतात आणि ठरावीक काळानं उपटून त्या किती कुजल्या, वाळवीनं किती खाल्ल्या हे नोंदवतात. ओळीनं पुरलेल्या खुंट्यांमुळे या पद्धतीला ‘स्मशान-चाचणी’ म्हणतात. देवदाराचं मध्यकाष्ठ टिकाऊ लाकडांत गणलं जातं. त्याच झाडाचं रसकाष्ठ मात्र टिकाऊ नाही.

पण दाव्यांची शहानिशाही करायला हवी. सीडरच्या पेटीत लोकरीचे कपडे ठेवले की कसर लागत नाही, असा युरोप-अमेरिकेत जुना समज आहे. त्यात अर्धं सत्य आहे. घट्ट झाकणाच्या, ताज्या लाकडाच्या पेटीत कसरीच्या अगदी लहान अळ्या मरतात. वाढलेल्या अळ्यांवर फारसा परिणाम होत नाही. शिवाय पृष्ठभागावरचं तेल काही वर्षांत उडून जातं. मग तेवढाही परिणाम उरत नाही. कपडे स्वच्छ धुऊन, ऊन देऊन घट्ट बंद पेटीत ठेवणं यालाच जास्त महत्त्व.

टिकाऊपणाची किंमत

माणसाला या लाकडाचं मोल फार लवकर कळलं. इजिप्तमध्ये गिझाच्या मोठ्या पिरॅमिडशेजारी १९५४ मध्ये एक बंद खड्डा सापडला. त्यात राजा खुफूची सुमारे ४३ मीटर लांबीची नाव सुटी करून ठेवलेली होती. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही नाव मुख्यतः लेबाननच्या देवदाराची आहे. कोरड्या, बंद खड्ड्याचाही तिच्या टिकण्यात वाटा आहेच. पण लाकूड निवडणाऱ्यांची पारख त्यातून दिसते. इजिप्तमध्ये असे मोठे वृक्ष नव्हते, म्हणून ते समुद्रमार्गे आणावे लागत. फिनिशियन, असिरियन, रोमन अशा प्रत्येक सत्तेनं लेबाननच्या डोंगरांवर हात मारला. इ. स. ११७ ते १३८ या काळात राज्य करणाऱ्या हेड्रियन या रोमन सम्राटानं तिथल्या खडकांवर लेख कोरवून चार जातींची झाडं सम्राटाच्या मालकीची म्हणून राखीव ठेवली. असे सुमारे दोनशे लेख सापडले आहेत. वनसंरक्षणाचा इतका जुना पुरावा विरळाच. तरीही जंगल उरलं ते तुकड्यातुकड्यांनी. १८७६ मध्ये एका प्रसिद्ध देवराईभोवती दगडी भिंत बांधली गेली, ती शेळ्यांपासून रोपांचं रक्षण करण्यासाठी. तोड थांबली तरी शेळ्या कोवळी रोपं खात होत्या, आणि जुनी झाडं पडत असताना नवी उभी राहत नव्हती. आज हा वृक्ष लेबाननच्या झेंड्यावर आहे आणि १९९८ पासून ही देवराई जागतिक वारशाच्या यादीत आहे.

हिमालयात देवदाराचा वापर शतकानुशतकं चालू होता. श्रीनगरचे झेलमवरचे जुने पूल देवदाराच्या ओंडक्यांचे होते. दल सरोवरातल्या हाउसबोटी देवदाराच्याच. हिमाचलात दगडांचे थर आणि देवदाराच्या तुळया आलटून पालटून रचून, चुना-माती न वापरता भिंती उभारतात. या पद्धतीला ‘काठकुणी’ म्हणतात. भूकंपात अशी भिंत थोडी हलते, पण सहज कोसळत नाही. मनालीचं हिडिंबा मंदिर १५५३ सालचं. त्याचं लाकूडही देवदार. त्या काळात गावाची गरज आणि जंगलाची वाढ यांचा मेळ बहुतेक ठिकाणी बसत असावा.

तो मेळ रेल्वेनं मोडला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत. बहुतेक लाकडं उघड्यावर, वाळवीच्या तोंडी काही वर्षांतच निकामी होत. काहीही न लावता टिकणारी लाकडं मोजकीच: साग, साल आणि देवदार. एका मैलाला १,७६० ते २,००० स्लीपर लागत. पंजाब आणि उत्तरेकडच्या मार्गांसाठी चिनाब, रावी, सतलज यांच्या खोऱ्यांतला देवदार तोडून ओंडके नदीतून सोडले गेले. भागीरथीच्या खोऱ्यात हर्सिलला राहणाऱ्या फ्रेडरिक विल्सन या इंग्रजानं टिहरीच्या राजाकडून जंगल घेऊन देवदार तोडला आणि तो गंगेच्या प्रवाहातून मैदानात आणला. १८६४ मध्ये सरकारनं वनखातं स्थापन करून डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याचं प्रमुख नेमलं. त्यामागं स्लीपरांसाठी लाकूड पुरेल ना, ही चिंता मोठी होती. जंगलं राखीव झाली. त्याबरोबर पिढ्यानपिढ्या तिथं राहणाऱ्या लोकांचे हक्कही आकसले.

अमेरिकेत रेड सीडरचं तेच झालं. मऊ, सरळ धाग्याचं, चाकूनं सहज सोलता येणारं हे लाकूड पेन्सिलीसाठी उत्तम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगली झाडं इतकी दुर्मिळ झाली की पेन्सिल कारखाने शेतकऱ्यांची जुनी कुंपणं आणि कोठारं विकत घेऊ लागले. वर्षानुवर्षं उन्हापावसात राहूनही ते लाकूड पेन्सिल करण्याजोगं होतं, हा त्याच्या टिकाऊपणाचा दाखलाच! नंतर कारखाने कॅलिफोर्नियातल्या ‘इन्सेन्स सीडर’कडे वळले. आपल्याकडच्या पेन्सिली आज मोठ्या प्रमाणावर काश्मीर खोऱ्यातल्या पॉप्लरच्या पट्ट्यांपासून होतात. पॉप्लर लवकर वाढतो, म्हणून हा बदल चांगलाच. त्याला वास नसतो, एवढंच.

आजची स्थिती अशी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत आपल्या देवदाराला तातडीचा धोका नाही. लेबानन आणि सायप्रसचे देवदार असुरक्षित गटात आणि ॲटलासचा देवदार संकटग्रस्त गटात आहे.

वर्गात करून पाहण्यासारखं

पहिला प्रयोग वासाचा. काष्ठौषधींच्या दुकानातून देवदाराचा तुकडा आणावा आणि सुताराकडून पाइनचा ताजा तुकडा. दोन्हींना एकाच दिवशी खरकागदानं घासून उघड्यावर ठेवावं. रोज डोळे बांधलेल्या तीन-चार मुलांना वास घ्यायला सांगून ‘तीव्र, मध्यम, मंद, नाही’ अशी नोंद करावी. वास मंदावल्यावर तुकडे पुन्हा घासावेत. तो परत का आला, हे मुलांनीच सांगावं.

दुसरा प्रयोग चिकाटीचा. साग, बाभूळ, आंबा, निलगिरी, पॅकिंगच्या खोक्याची फळी अशा मिळतील त्या लाकडांच्या सारख्या आकाराच्या खुंट्या करून शाळेच्या आवारात अर्ध्या पुराव्यात. सागाच्या दोन घ्याव्यात, एक गाभ्याची आणि एक बाहेरच्या पांढऱ्या लाकडाची. दर सहा महिन्यांनी उपटून नोंद करावी आणि पुन्हा पुरावी. पाचवीच्या मुलांनी सुरू केलेली नोंद ती दहावीत जाईपर्यंत चालेल. विज्ञानातल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरं एका तासात मिळत नाहीत, हे यातून आपोआप कळतं.

तिसरा हिशेबाचा. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर सुमारे २१ मैल. मैलाला १,७६० धरले तर स्लीपर किती? एका झाडाचे किती स्लीपर निघतील, हे जवळच्या सॉ-मिलमध्ये विचारून झाडं किती लागतील, याचा अंदाज मुलांना करू द्या.

रोप आणि लाकूड

या हिशेबात एक गोष्ट सहज निसटते. तोडलेल्या झाडामागं एक रोप लावलं की भरपाई झाली, असं आपण समजतो. वृक्षारोपणाचे आकडेही त्याच पद्धतीनं मांडले जातात. पण कोवळ्या झाडाचं खोड जवळजवळ सगळं रसकाष्ठ असतं. गाभा वर्षागणिक, एकेका वलयानं आत साचत जातो आणि त्यातलं तेलही तसंच साठतं. वीस वर्षांच्या देवदारात आणि दोनशे वर्षांच्या देवदारात सावली, पानं, बिया यांची तुलना करता येईल, लाकडाची नाही. ज्या गुणासाठी जुनं झाड तोडलं, तो गुण नव्या झाडात यायला माणसाच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतात.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात देवदाराच्या खोडाची एक प्रचंड चकती ठेवलेली आहे. तिच्यात सातशेहून अधिक वलयं आहेत. तिथं गेलात, तर मुलांना बाहेरून आत वलयं मोजायला लावा आणि विचारा, हिडिंबेचं मंदिर बांधलं त्या वर्षीचं वलय कोणतं, पहिली आगगाडी धावली त्या वर्षीचं कोणतं, आणि तुझ्या जन्माच्या वर्षी आपण लावलेलं रोप इथपर्यंत पोचायला कोणतं साल उजाडेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नाही.